निर्माता अज्ञात

पाटी चार ओळींची होती. बेंजो, अर्थात बुलबुल तरंग. लोकवाद्य, मराठवाडा. निर्माता अज्ञात. ध्वनिछिद्रावर शोभेची पितळी जाळी.

काचेच्या पेटीतला तो बेंजो आमच्या घरचा. पूर्णेहून एका मोठ्या शहरातल्या लोकवाद्यांच्या प्रदर्शनापर्यंत मी तो मांडीवर घेऊन गेले होते, स्लीपरच्या डब्यात, रात्रभर जागून. वरच्या बर्थवर ठेवला असता तर बरा राहिला असता, पण हिंमत झाली नाही. उद्घाटनाच्या दिवशी पेटीसमोर उभी राहून ती पाटी वाचली आणि पहिल्यांदा हसू आलं. कारण जिला पाटी 'शोभेची' म्हणत होती, त्याच जाळीत निर्मात्याच्या नावाचं पहिलं अक्षर कापलेलं आहे. पिंपळाच्या पानाच्या देठाशी, नीट पाहिलं तर दिसणारा 'ग'. पेटीत त्यावर दिवा सोडलेला होता. चांगला उजेड होता.

'ग' म्हणजे माझे आजोबा. आम्ही त्यांना आबा म्हणायचो. पूर्ण नाव मी इथे लिहिणार नाही. ते या लेखातून उचलून कुणी पाटीवर चिकटवावं असं मला नको आहे. घरी येऊन विचारावं. घर स्टेशनपासून चालत दहा मिनिटांवर आहे आणि पूर्णा जंक्शन आहे, गाड्यांची कमी नाही.

ज्यांनी बेंजो जवळून पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडं सांगते. रवी जाधवांचा 'बँजो' नावाचा हिंदी सिनेमा २०१६ साली आला होता, त्यात रितेश देशमुखच्या गळ्यात जे वाद्य होतं, तेच हे. अमेरिकेतल्या बँजोशी याचं नावापलीकडे नातं नाही. लाकडी लांबट खोकं, त्यावर तारा, तारांवर टाइपरायटरसारख्या कळा. डाव्या हातानं कळ दाबायची, उजव्या हातानं तार छेडायची. मूळ जपानचं. नागोयाच्या गोरो मोरिता यांनी १९१२ साली ताइशोगोतो नावाचं वाद्य तयार केलं, कळांची कल्पना टाइपरायटरवरून घेतली. ते फिरत फिरत इकडे आलं, बुलबुल तरंग झालं आणि आमच्याकडे येईपर्यंत नुसतं बेंजो. मराठवाड्यातल्या गायन पार्टीत हार्मोनियम आणि ढोलकीच्या बरोबरीनं बेंजो असतो. चौदा एप्रिलच्या आधीचे पंधरा दिवस पूर्णेत संध्याकाळी कुठल्याही गल्लीत उभे राहा, कुठून तरी तो ऐकू येतो. निदान डीजेचा ट्रक मध्ये येईपर्यंत तरी.

म्हणजे जपानी कळा, भीमगीतं आणि पूर्णेतला रेल्वेवाला. यातलं 'लोक' नक्की कोण, हे मला त्या पाटीनं सांगावं अशी माझी इच्छा होती.

आबा लोको शेडमध्ये फिटर. पूर्णेचा शेड मीटरगेजचा, वाफेच्या इंजिनांचा. दिवसभर इंजिनाखाली आणि संध्याकाळी गायन पार्टीत. बेंजोचं खोकं गावातल्या एका सुताराकडून करून घेतलेलं, कळा जुन्या वाद्याच्या, तारा बाजारातून आणलेल्या. पण आवाजासाठी पाडलेलं जे गोल भोक, ते आबांना उघडं बघवेना. पितळेचा पातळ पत्रा घेतला, त्यावर खिळ्यानं पिंपळाचं पान आखलं, पानाच्या मागे चक्राच्या आऱ्या, आणि बारीक पात्याच्या करवतीनं एकेक तुकडा कापून काढला. मग कानस. आजी सांगायची की तीन महिने घरात पितळेचा भुसा होता, पिठात सुद्धा. पत्रा भंगाराच्या लिलावातला होता असं आबा शेवटपर्यंत सांगत राहिले आणि आजी शेवटपर्यंत हसत राहिली.

जाळी बसवताना खरी अडचण आली ती वेगळीच. वरची फळी पातळ असते, ती थरथरते म्हणून तर वाद्य बोलतं. त्यावर धातूची चकती जरा जरी सैल राहिली की ती स्वतःच वाजायला लागते. झण्ण, झण्ण. आबांनी पहिल्यांदा बसवली तेव्हा 'सा' दाबला की जाळी ओरडायची. मग काठाला कापडाची पट्टी लावून, लाखेनं चिकटवून ती गप्प केली. बाबा सांगतात, आबा म्हणायचे, "इंजिनाचं बी तसंच असतंय. जे फिरायचं ते फिरावं, जे बसायचं ते गप बसावं."

आता त्या पाटीतल्या 'शोभेची' या शब्दाकडे येते. तो शब्द पूर्ण खोटा आहे असं मी म्हणत नाही. जाळीमुळे आवाज गोड झाला असा दावा आबांनी कधी केला नाही, मीही करणार नाही. भोक झाकलं की आतल्या हवेचा घुमारा थोडा खालच्या सुरात सरकतो, एवढं शास्त्र सांगतं. अमेरिकेतल्या एमआयटीत निकोलस माक्रिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये व्हायोलिन आणि तिच्या पूर्वज वाद्यांच्या भोकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. माक्रिस स्वतः ल्यूट वाजवतात, म्हणजे युरोपातलं ते जुनं, फुगीर पोटाचं, अरबी ऊदपासून आलेलं तंतुवाद्य. ल्यूटच्या भोकावर लाकडातच कोरलेलं अतिशय गुंतागुंतीचं फूल असतं, त्याला रोझ म्हणतात. अभ्यासात निघालं असं की भोकाच्या मध्यातून हवा फारशी जोरात वाहत नाही, ती कडेकडेनं वाहते. भोक केवढं मोठं यापेक्षा त्याची कड किती लांब, हे महत्त्वाचं. व्हायोलिनचं भोक गोलाचं लांबट इंग्रजी एफच्या आकाराचं होत गेलं ते यामुळे.

मला यातून उमजलं ते साधं आहे. गोल भोकाच्या मध्यात फूल भरलं तर आवाजाचं फारसं नुकसान होत नाही. सगळ्या वाद्यावर नजर खिळेल अशी मोक्याची जागा, आणि तिथे काही कोरलं तरी वाद्य रागावत नाही. कारागिराला सही करायला याहून चांगली जागा कुठे मिळणार?

आणि सही त्यांनी केलीच. अँटवर्प, आजच्या बेल्जियममधलं शहर, सोळावं शतक. तिथे हार्प्सिकॉर्ड बनवणारे होते. पियानोच्या आधीचं कळांचं वाद्य, कळ दाबली की आत पिसाच्या देठाची बारीक नखी तार छेडते. १५५७ साली तिथल्या दहा कारागिरांनी चित्रकारांच्या संघात, सेंट ल्यूकच्या गिल्डमध्ये, प्रवेश मागितला आणि १५५८ मध्ये नियम झाला की प्रत्येकानं आपल्या वाद्यावर आपली खूण केली पाहिजे. त्यांच्यातलं सगळ्यात गाजलेलं घराणं रुकर्स. त्यांच्या हार्प्सिकॉर्डच्या फळीतल्या भोकात धातूची चकती असते, तिच्यावर वीणेसारखं हार्प वाजवणारा देवदूत आणि त्याच्या दोन्ही बाजूंना अक्षरं. हान्स रुकर्सची एच आर, मुलगा योआनेसची आय आर, आंद्रेआसची ए आर. चकती सोन्याची वाटते, पण असते शिशाच्या मिश्रधातूची, वरून मुलामा. म्हणजे आबांच्या पितळेपेक्षा स्वस्तातलंच काम.

पण त्या दोन अक्षरांची किंमत बघा. पुढे दीडदोनशे वर्षांनी पॅरिसमध्ये रुकर्सच्या वाद्यांना इतका भाव आला की लोक नकली रुकर्स बनवायला लागले. गूजों नावाच्या कारागिरानं १७४९ च्या आधी एक उत्तम हार्प्सिकॉर्ड बनवलं, आणि ते हान्स रुकर्सच्या नावावर, १५९० सालचं म्हणून खपवलं गेलं. आज ते पॅरिसच्या संगीत संग्रहालयात आहे आणि पाटीवर आता गूजोंचं नाव आहे. म्हणजे खोट्या नावामागचा खरा माणूस शोधून काढायला सुद्धा तिकडे अभ्यासक बसले. आणि आमच्याकडे खरं अक्षर दिव्याखाली चमकत होतं, तरी 'अज्ञात'.

मी संयोजकांना फोन केला. पलीकडचा माणूस सौजन्यानं बोलला, हे सांगायला हवं. म्हणाला, "ताई, लोकवाद्य आहे ना हे. लोकवाद्याला एक निर्माता कसा असेल? ती सामूहिक निर्मिती असते. आपल्या परंपरेत कारागीर नाव लावत नसत. ती अहंकार न ठेवण्याची परंपरा होती." शेवटचं वाक्य त्यानं थोड्या आदरानं उच्चारलं, आमच्याबद्दल काहीतरी चांगलं बोलतोय अशा स्वरात.

याच वाक्याशी माझं भांडण आहे. प्रदर्शनातल्या त्या माणसाशी नाही, तो बिचारा शिकवलेलं बोलला. हे वाक्य तुम्हीही ऐकलेलं असणार, कुठल्या ना कुठल्या भाषणात, कुठल्या तरी सुंदर फोटोंच्या पुस्तकाच्या प्रस्तावनेत. 'अनाम कारागिरांचे हात'. ऐकायला किती छान वाटतं! फक्त ते खरं नाही.

आमच्याच मराठवाड्यातलं उदाहरण घ्या. छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात, कन्नडच्या डोंगरात पितळखोऱ्याची बौद्ध लेणी आहेत. (नावात पितळ आहे हा योगायोग, पण मला आवडतो.) तिथे एक यक्षाची मूर्ती सापडली, गुबगुबीत, हसरी. त्याच्या हातावर ब्राह्मी लिपीत कोरलेलं आहे की ही कान्हदास सोनारानं केली. दोन हजार वर्षांहून जुनी गोष्ट. धातूचं काम करणारा माणूस, दगडात मूर्ती करतो आणि मूर्तीच्या हातावर स्वतःचं नाव आणि धंदा दोन्ही लिहून ठेवतो. लपवून नाही. खाली कर्नाटकात या, तेराव्या शतकातलं सोमनाथपूरचं देऊळ. तिथल्या मूर्तींखाली मल्लितम्माचं नाव पुन्हा पुन्हा येतं. ही माणसं अहंकारी होती का? की त्यांना वाटत होतं, आपण केलं तर आपलं नाव लागलं पाहिजे?

बरं, हात राहू द्या, शब्दांकडे बघा. आमच्या परभणी जिल्ह्यातल्या गंगाखेडची जनाबाई. दुसऱ्याच्या घरी दळण-कांडण करणारी बाई. तिच्या अभंगाच्या शेवटी तिचं नाव येतं, आणि सातशे वर्षं कुणीही त्याला अहंकार म्हटलेलं नाही. त्याला नाममुद्रा म्हणतात, शाळेत शिकवतात, परीक्षेत विचारतात. वामनदादा कर्डकांच्या गाण्यात शेवटी 'वामन' येतो तेव्हा पूर्णेतली अख्खी सभा टाळी वाजवते. गाणाऱ्याला माहीत असतं की हे नाव गाळलं तर मार बसेल. मग जे बोटांनी शब्द रचत नाहीत, पत्रा कापतात, त्यांची नाममुद्रा वाचायचं आपण का विसरतो? मुद्रा तर असते. भोकाच्या बरोबर मध्यात असते.

मिरजेचं उदाहरण यात अडकतं, म्हणून ते प्रामाणिकपणे मांडते. मिरजेत सतार आणि तंबोरे बनवणारी घराणी मूळची शिकलगारांची, म्हणजे तलवारी आणि भाल्यांना धार लावणाऱ्यांची. हत्यारांची मागणी गेली, एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला फरीदसाहेबांनी वाद्यांकडे मोर्चा वळवला. पंढरपूरकडचे भोपळे, तुणीचं लाकूड, आणि पोलाद घासणाऱ्या हातांनी घासलेली जवारी. आपल्या सतारीला किंवा तंबोऱ्याला ल्यूटसारखं मोठं भोक नसतं, त्यामुळे तिथे फूल बसवायची जागाच नाही. मग या लोकांनी सही कुठे केली? आडनावात. 'सतारमेकर' हे आज मिरजेतलं आडनाव आहे. वाद्यावर जागा मिळाली नाही तर त्यांनी वाद्यच स्वतःच्या नावात घालून घेतलं. मला ही गोष्ट रुकर्सच्या देवदूतापेक्षा भारी वाटते.

२०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. चांगलं झालं. नकली मालाला 'मिरज' म्हणून विकता येणार नाही. पण मानांकन गावाच्या नावाला असतं. त्या कायद्यात अधिकृत वापरकर्ता म्हणून कारागिराची वेगळी नोंद करायची सोय आहे, हे किती जणांना माहीत आहे? बातम्यांत मिरज आलं, माणसं फोटोत मागे उभी होती.

आणि हे असं मानांकन पूर्णेच्या बेंजोला कधीच मिळणार नाही, हेही मला कळतं. कारण आमच्याकडे दीडशे वर्षांची परंपरा नाही, राजाश्रय नाही, ख्याल गाणारे उस्ताद नाहीत. एक जपानी खोकं आहे आणि ते हाताशी आलं तसं दुरुस्त करत वाजवणारी रेल्वेतली, वीटभट्टीवरची, शाळेत शिपाई असलेली माणसं आहेत. म्हणूनच पाटीवर 'लोक' लिहिणं इतकं सोपं जातं. त्याच प्रदर्शनात पलीकडच्या पेटीत एक सतार होती. तिच्या पाटीवर ती कुणी वाजवली त्या मोठ्या कलावंताचं नाव होतं, कुणी भेट दिली त्या कुटुंबाचं नाव होतं. निर्माता तिथेही नव्हता, पण निदान दोन नावं होती. आमच्या पेटीवर वाजवणारा नाही, देणारा नाही, करणारा नाही. नुसता जिल्ह्यांचा एक गठ्ठा, मराठवाडा.

आपणही काही कमी नाही. जयंतीच्या बॅनरवर किती चेहरे असतात, मोजा कधीतरी. नगरसेवक, भावी नगरसेवक, शुभेच्छुक, शुभेच्छुकांची मुलं. गायन पार्टीचं नाव मोठ्या अक्षरात, गायकाचं त्याहून मोठ्या. बेंजोवाला असलाच तर खाली, ढोलकीवाल्याच्या शेजारी. आणि रील टाकताना? मी स्वतः बाबांचा बेंजो वाजवतानाचा व्हिडिओ टाकला होता, चौदा हजार लोकांनी पाहिला. त्यात जाळी जवळून दाखवली होती, खाली लिहिलं होतं 'विंटेज व्हाइब्स'. आबांचं नाव मीही लिहिलं नव्हतं. पाटीवाल्यांना फोन करताना हे मला आठवत होतं, पण मी ते त्यांना सांगितलं नाही.

मागणी माझी लहान आहे. पैसे नकोत, सत्कार नको, नारळ आणि शाल तर नकोच. पाटीवर एक ओळ. आणि नाव खरंच मिळत नसेल, तर 'निर्माता अज्ञात' लिहू नका. 'अज्ञात' म्हटलं की असं वाटतं, जणू तो माणूसच धुक्यातून आला आणि धुक्यात गेला. लिहा, 'निर्मात्याचं नाव आम्ही विचारलं नाही.' हे खरं आहे आणि ओळ तेवढीच लांब आहे.

पाटी बदलली नाही. छपाई झाली होती, असं कळवलं. प्रदर्शन संपल्यावर बेंजो परत आला, या वेळी कुरियरनं, आणि खोकं उघडताच कळलं की जाळीचा एक काठ सुटलाय. 'सा' दाबला की तीच जुनी झणझण. बाबांनी लाख वितळवायला ठेवली आणि मी सुरीच्या टोकानं जाळी पूर्ण उचलली. इतक्या वर्षांत ती कुणी काढली नव्हती.

आत मोबाईलचा टॉर्च मारला. तळाच्या फळीवर, भोकाच्या बरोबर खाली, पेन्सिलीनं काहीतरी लिहिलेलं होतं. आबांचं अक्षर नव्हतं. आबांचं अक्षर मला पासबुकावरून माहीत आहे. तारीख अर्धी पुसलेली, आडनाव लागतं, नाव लागत नाही.

"हे कोण?" मी विचारलं.

बाबांनी चष्मा लावून वाकून पाहिलं. "ते सुतार असतील. खोकं त्यांनीच केलेलं."

"नाव काय त्यांचं?"

"मिस्त्री म्हणायचे सगळे."

"मिस्त्री नाव नसतं बाबा."

ते काही बोलले नाहीत. लाख उकळायला लागली होती, त्यांनी गॅस बंद केला. मग फोन घेतला आणि शेडमधल्या एका जुन्या सोबत्याला लावला, स्पीकरवर. पलीकडे बराच वेळ टीव्हीचा आवाज येत राहिला. मग ते काका म्हणाले, "थांब रे, आठवू दे. विहाराच्या मागं राहायचे ते. बायको मेली त्यांची लवकर. नाव... थांब."

मी जाळी तशीच उलटी ठेवली आणि पेन घेतलं.